बेवड आणि बोरू

नागपूर शहर मागे टाकून अमरावतीच्या रस्त्यास लागले, म्हणजे अंबाझरीच्या आयुध निर्माणीजवळ वाडी हे गाव येते. आणि हिरवळीच्या खताविषयीच्या प्रकरणाचा आरंभ अशा गावापासून करावा हे वाचकास प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे, कारण मालमोटारींचे तळ, वाहतूक कंपन्यांची लांबच लांब गोदामे, टायरांची व सुट्या भागांची दुकाने आणि अहोरात्र चाललेली मालाची चढउतार एवढेच आज वाडीचे दर्शनी रूप उरलेले आहे. ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपरिषद आली, आणि पुष्कळशा जमिनीच्या दप्तरातून ‘जिरायत’ हा शब्द जाऊन ‘अकृषक’ हा शब्द आला. तथापि गोदामांच्या मागल्या भिंती जेथे संपतात तेथून वावरे सुरू होतात, आणि ती दवलामेटी, द्रुगधामना, वडधामना, सुराबर्डी या गावांच्या शिवारांतून गोंडखैरीकडे व तेथून कळमेश्वर-काटोलच्या संत्राबागांकडे पसरत जातात. शिवाय याच रस्त्यावर देशातील मातीचे वर्गीकरण व नकाशे करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि गोंडखैरीस केंद्र सरकारचे सेंद्रिय शेतीचे प्रादेशिक केंद्रही आहे. मातीविषयीचे इतके ज्ञान एका रस्त्यावर एकवटलेले असताना त्या रस्त्याच्या कडेच्या वावरात बोरू किंवा धैंचा यांसारखे हिरवळीचे पीक क्वचितच दिसावे, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. आणि तिचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान असे जे सभा-संमेलनांतून सांगितले जाते ते मला पटत नाही.

नागपूर जिल्ह्याची जमाबंदी करणाऱ्या इंग्रज अंमलदारांनी एकोणिसाव्या शतकातील बंदोबस्ताच्या वेळी येथील जमिनीची प्रतवारी लावताना स्वतःच्या परिभाषेचा आग्रह न धरता मालगुजारांच्या व कास्तकारांच्या तोंडचेच शब्द दप्तरात घेतले, हे त्यांच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण होय. काळी, मोरंड, खरडी, बरडी हे ते शब्द. काळी खोल व चिकण, मोरंड चुनखडीचे बारीक खडे मिसळलेली, खरडी उथळ व फिकट, बरडी मुरमाड व तांबूस. वाडीच्या आसपासच्या या मातींचा मूळ पुरुष दख्खनचा बेसाल्ट. त्याच्या झिजेतून आलेली चिकणमाती पाणी पडताच फुगते, चिकटते, माणसाला व बैलाला आत पाऊल टाकू देत नाही, आणि वैशाखात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. तिचा रंग पाहून ती सकस असलीच पाहिजे असा जो सर्वसाधारण समज आहे तो मात्र पुष्कळसा फसवा आहे. सेंद्रिय कर्ब मोजू गेल्यास तो पुष्कळ वावरांत शेकडा अर्ध्याच्या आसपास भरतो, आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही खाली असतो. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्याच्या पाठोपाठ जूनमध्ये एकदम पावसाची ओल येते, त्या प्रदेशातील मातीत घातलेला पालापाचोळा शीत प्रदेशातल्याप्रमाणे वर्षानुवर्षे साठून राहत नाही. तो झपाट्याने जळून जातो आणि दरसाल नव्याने घालावा लागतो. पूर्वी ही भर गोठ्यातून येत असे. आज बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, गोठे रिकामे झाले, आणि शेणखताची ट्रॉली विकत घेऊ जाता किंमत व वाहतूक मिळून खर्च डोईजड होतो. तेव्हा खत बाहेरून वाहून आणण्याऐवजी ते वावरातच उगवावे आणि वावरातच गाडावे, या विचाराकडे सेंद्रिय शेती करू पाहणाऱ्यास आज ना उद्या वळावेच लागते.

हा विचार आपल्या शेतीस अगदीच अपरिचित होता असे नाही. मागच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत जे बरेवाईट मागे ठेवले त्यास शेतकरी बेवड म्हणतो, आणि कोणत्या पिकाचा बेवड कोणत्या पिकास मानवतो याविषयीचे त्याचे ज्ञान पेरेपत्रकातील नोंदींहून बारीक असते. हरभऱ्याच्या बेवडावर गहू साधतो. ज्वारीची धसकटे ज्या वावरात राहिली तेथे पुढचे पीक काही दिवस पिवळे दिसते. जुन्या मध्यप्रांतात ज्वारीत व कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची वहिवाट सर्वत्र होती आणि ती वाडीच्या शिवारात अद्याप दिसते. तूर सावकाश वाढते, कपाशीशी आरंभी भांडत नाही, आपले सोटमूळ खोल घालून वरच्या थरातील ओलीवर विसंबून राहत नाही, आणि शेंगा भरेपर्यंत आपली बहुतेक पाने त्याच जमिनीवर गाळून ठेवते. फेरपालट हा शब्द कृषिखात्याने रूढ केला त्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालू होती. इतर देशांतही हेच. रोमन कृषिलेखकांनी ल्युपिन नावाचे द्विदल पीक जमिनीत नांगरून टाकण्याची शिफारस दोन हजार वर्षांपूर्वी केली होती, आणि भाताच्या आधी द्विदल वाढवून ते चिखलात तुडविण्याची चिनी शेतकऱ्यांची रीत पाहून एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे कौतुक केलेले आहे. परंतु हे असे का घडते याचा उलगडा व्हावयास १८८६ साल उजाडावे लागले; त्या वर्षी हेलरिगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी द्विदलांच्या मुळांवरील गाठींत वास करणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधतात हे दाखवून दिले, आणि दोनच वर्षांनी बायरिंक या डच शास्त्रज्ञाने तो जिवाणू वेगळा काढला.

हे दृश्य पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पेरणीला महिना झाल्यावर, जमीन वाफशावर असताना, बोरूचे एक रोप खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलावे आणि ते ढेकूळ बादलीभर पाण्यात आपोआप विरघळू द्यावे. रोप हिसडा देऊन उपटले तर पाहावयाचे ते नेमके मातीतच तुटून राहते, आणि मग मुळांना गाठी नाहीत असा खोटा निष्कर्ष काढून माणूस घरी जातो. पाणी निवळले म्हणजे मुळांवर मोहरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात; बोटाने ढकलताच त्या सुट्या होतात, सूत्रकृमीने सुजलेल्या मुळाची गाठ तशी सुटत नाही. त्यांतील एक नखाने फोडावी. आतील गर गुलाबी किंवा तांबूस असेल तर गाठ कामावर आहे असे समजावे; आपल्या रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्याच्याच जातीचे एक द्रव्य तेथे असते, आणि नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायूचा स्पर्श सोसत नसल्यामुळे तो मोजूनमापून आत सोडण्याचे काम ते करते. गर पांढरट असेल तर काम सुरू व्हावयाचे आहे, किंवा जिवाणू त्या पिकाच्या जातकुळीचा नाही. हिरवट-तपकिरी झाला असेल तर कामाची मुदत संपली. तूर, मूग, उडीद, बरबटी व बोरू यांचे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले आहेत. सोयाबीनचे तसे नाही, ते पीक बाहेरून आले आणि म्हणून त्याच्या बियाण्यास त्याचाच जिवाणू लावून पेरणे अगत्याचे ठरते.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर त्याची कैफियत येथेच ऐकून घेणे बरे, कारण विदर्भात गेल्या तीन-चार दशकांत या पिकाने ज्वारीची जागा घेतली तेव्हा, द्विदल पीक आले, आता जमीन आपोआप सुधारेल, असा एक सुखद समज त्याच्याबरोबर आला आणि तो अजून गेलेला नाही. हिशेब साधा आहे. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा ४० च्या आसपास प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या मानाने नत्र काढल्यास तो शेकडा सहाच्या किंचित वर भरतो. म्हणजे एकरी ८ क्विंटल सोयाबीन पिकले तर बाजार समितीत गेलेल्या पोत्यांबरोबर सुमारे ५० किलो नत्र वावराबाहेर गेला. एवढे दाणे भरावयास झाडाने, पाने व खोड धरून, एकूण ६५ ते ७० किलो नत्र गोळा केलेला असतो. त्याचा साधारण निम्मा भाग हवेतून आला असे धरले, तर जमेस ३३-३४ किलो आणि खर्चास ५०. उरलेले कुटार गुरांना घातले किंवा धुऱ्यावर पेटवून दिले तर तूट आणखी वाढते. हवेतून मिळवून आणणाऱ्या पिकाने वर्षअखेर जमिनीलाच देणे करून ठेवावे, हा प्रकार ज्याला समजला त्याला हिरवळीच्या खताचे अर्धे मर्म समजले. द्विदल पीक जमिनीला देते ते आपल्या दाण्याच्या मोबदल्यात. जे बाजारात गेले ते जमिनीत राहिले नाही. तुरीची पानगळ, मुगाच्या दोन तोड्यांनंतर गाडलेला पाला, हरभऱ्याची मुळे यांनी काही ना काही मागे राहते आणि बेवड चांगला ठरतो, हे खरेच. पण जमिनीच्या कर्बाचे व नत्राचे खाते ठळकपणे जमेकडे झुकवावयाचे असेल तर एखादे पीक दाणा भरण्यापूर्वीच, सबंधच्या सबंध, मातीच्या हवाली करावे लागते.

यासाठी आपल्या भागात दोन पिके मुख्य, बोरू व धैंचा. कोठे कोठे बोरूलाच ताग म्हणतात. उंच जागेच्या, पाणी न साचणाऱ्या मोरंड जमिनीत बोरू घ्यावा; सखल काळीत, जेथे श्रावणात पाणी तुंबते, तेथे बोरू पिवळा पडून मरतो आणि धैंचा मजेत उभा राहतो, किंबहुना खारवट जमिनीतही तो तग धरतो. बरबटी, गवार, मूग हीही चालतात. बरबटीचा पाला मऊ व लवकर कुजणारा, पण रोह्यांना तो आपल्याइतकाच आवडतो, त्यामुळे जंगलाच्या कडेच्या वावरात तिचा भरवसा धरू नये. बोरूचे एकरी २० ते २५ किलो बी दाट पेरावे लागते, कारण दाट पेरल्याने खोड बारीक व कोवळे राहते आणि तणाला उजेड मिळत नाही. पाऊसमान चांगले असता सुमारे सात आठवड्यांत एकरी ८ टनांपर्यंत हिरवा माल उभा राहू शकतो. त्यात शेकडा ०.४३ च्या मानाने ३४ किलोंच्या आसपास नत्र असतो. युरियाच्या भाषेत बोलावयाचे तर हे ७४ किलो झाले, म्हणजे ४५ किलोंच्या गोणीने दीड गोणीहून थोडे अधिक. यातला सगळाच नत्र पहिल्या पिकाच्या वाट्यास येत नाही, थोडा उडून व वाहून जातो, पुष्कळसा मातीत मुरून पुढील वर्षांसाठी शिल्लक पडतो. आणि ही शिल्लक युरियाच्या गोणीत मिळत नाही.

गाडण्याची वेळ हा या साऱ्या प्रकरणाचा प्राण आहे. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांच्या दरम्यान, पिवळ्या फुलांची पहिली कळी दिसू लागली की बोरू गाडावयास योग्य झाला असे मानतात, आणि त्याची कसोटी हातातच आहे: बुंध्यापासून वीतभर उंचीवर खोड दोन बोटांत धरून वाकवावे, ते पटकन मोडले आणि मोडलेल्या जागी रस आला तर ठीक, न मोडता ते पिळवटले आणि वाखाचे धागे सुटू लागले तर आपण उशीर केला. उशिराची शिक्षा अशी की जून खोडात कर्ब फार आणि नत्र थोडा. ते कुजविणारे जिवाणू आपल्या पोषणासाठी मातीतलाच नत्र उचलतात, आणि ज्या पिकासाठी हा सारा खटाटोप केला ते पीक महिनाभर उपाशी राहते. पंधरा दिवसांत वाख होऊ घातलेल्या त्याच खोडाचे पूर्वी दोर वळत असत, हे ध्यानात ठेवले म्हणजे घाईचे कारण पटते. गाडताना प्रथम पीक आडवे पाडतात. पूर्वी त्यावरून लाकडी फळी फिरवीत व मग नांगराचे तास त्याच दिशेने धरीत, म्हणजे पाला तासात नीट पडे व मातीखाली जाई. आता रोटाव्हेटर हे काम दोन फेऱ्यांत करतो. त्यानंतर दोन-तीन आठवडे ओल टिकली पाहिजे. पाऊस ओढला तर पाला मातीत वाळून तसाच राहतो. आणि उलट, गाडल्याबरोबर चार दिवस झड लागली तर चिकण काळीत हवा शिरत नाही, पाला कुजण्याऐवजी आंबतो, वास मारतो आणि मिळालेला नत्र वायुरूपाने निसटून जातो. सेंद्रिय शेतकरी बोरूस स्फुरद मिळावा म्हणून रॉक फॉस्फेट टाकतात. तो आम्ल जमिनीत विरघळतो, आपल्या अल्कधर्मी काळीत सहसा नाही. त्यापेक्षा तो आधी शेणखतात किंवा कंपोस्टात मुरवून घालणे शहाणपणाचे.

पावसाच्या या लहरीपणाचा अनुभव एका थोर माणसानेही घेतला होता. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले, आणि १९२४ साली होळकरांच्या इंदुरात, माळव्याच्या काळ्या जमिनीत, ३०० एकरांवर त्यांनी आपली स्वतंत्र संस्था उभारली. माळव्याची ही काळी आणि आपली काळी एकाच बेसाल्टच्या पोटची. पुसा येथे बोरूच्या हिरवळीवर त्यांनी बारकाईने काम केले होते, आणि त्यातून त्यांच्या ध्यानात आले की पीक वाढविणे सोपे, ते वावरात वेळेवर व नीट कुजविणे मात्र सर्वस्वी पावसाच्या स्वाधीन. म्हणून कुजण्याची क्रिया वावरातून बाहेर काढून ती ढिगात, माणसाच्या देखरेखीखाली व्हावी अशी तजवीज त्यांनी इंदुरास केली. यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि ती कंपोस्टची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. एका मराठी माणसाचे नाव सेंद्रिय शेतीच्या पायाभूत ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. १९४० सालच्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात मात्र हॉवर्डांनी हिरवळीच्या खतास एक स्वतंत्र प्रकरण दिले. ती रीत त्यांनी टाकून दिलेली नव्हती, तिच्या अटी तेवढ्या त्यांनी स्पष्ट केल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाडीकडच्या एखाद्या कास्तकारापुढे हे सारे मांडले तर तो शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एवढेच विचारतो, “पेराचं, वाढवाचं, अन् मंग गाडाचं, तं मंग खाचं काय?” या प्रश्नास उत्तर दिल्यावाचून बोरूचे गुण गाणे व्यर्थ आहे. ज्याची जमीन कोरडवाहू आणि जिच्यात वर्षातून कपाशीचे एकच पीक जूनपासून जानेवारीपर्यंत उभे राहते, त्याने पावसाळ्याचे पन्नास दिवस गाडावयाच्या पिकास दिले तर त्याचे ते सालच गेले. भंडारा-गोंदियाच्या भातकऱ्यास ही अडचण नाही. त्याला रोवणीपूर्वी थोडी सवड मिळते, चिखलणीत धैंचा आपसूक तुडविला जातो व चिखलात झपाट्याने कुजतो. कपाशीच्या मुलखात जागा शोधून काढावी लागते.

माझ्या मते पहिली जागा रब्बीच्या काळीत आहे. जी खोल काळी पावसाळ्यात पडीक ठेवून ऑक्टोबरात हरभरा किंवा गहू पेरण्याची जुनी चाल होती, तेथे आर्द्राच्या सुमारास बोरू किंवा धैंचा पेरून ऑगस्टच्या मध्यास गाडावा. पुढचा दीड महिना पाऊस असतो, कुजण्यास वेळ मिळतो, आणि पडीक वावर वखरून उघडे ठेवल्याने वाहून जाणारी मातीही वाचते. सोयाबीन आल्यापासून ही पडीक जमीन पुष्कळ घटली. तेव्हा सर्व वावर नव्हे, पण त्याचा चौथा हिस्सा दरसाल पाळीपाळीने या कामी लावावा, म्हणजे चार वर्षांत सगळ्या जमिनीस एकदा हिरवळ मिळते आणि कोणत्याही एका सालाचे उत्पन्न तीन-चतुर्थांशाखाली जात नाही. दुसरी जागा कपाशीच्या दोन तासांमध्ये. कपाशीची ओळ साडेतीन-चार फुटांवर असेल तर मधल्या मोकळ्या पट्ट्यात बोरूची एक ओळ टाकून ती चाळिसाव्या दिवसाच्या आसपास कापावी आणि तेथेच आच्छादन म्हणून पसरावी किंवा डवऱ्याने मातीआड करावी. वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतही कपाशीत हिरवळीचे पीक घेऊन ते जागीच मुरविण्याचे प्रयोग झालेले आहेत. येथे माल निम्माच मिळतो, आणि कापणीस आठ दिवस उशीर झाल्यास बोरू कपाशीच्या डोक्यावर जातो. मजूर वेळेवर मिळण्याची खात्री नसेल त्याने या फंदात पडू नये. तिसरी जागा संत्र्याच्या बागेत, दोन ओळींमधल्या पट्ट्यात. तेथे मात्र खोल नांगरट कटाक्षाने टाळावी. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात आणि ती तुटली म्हणजे बुरशीला वाट मिळते, म्हणून बागेतला बोरू गाडण्याऐवजी कापून झाडाच्या घेराबाहेर अंथरणेच इष्ट.

यवतमाळ जिल्ह्यातील सुभाष शर्मा यांनी १९९४ च्या सुमारास रासायनिक खते सोडली, आणि गाई, झाडे, पाण्याची जिरवण व वावरातच वाढवून वावरातच मुरविलेली हिरवळ यांच्या आधाराने आपली शेती उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वावराची हकिकत ऐकून येणारे पुष्कळ असतात. परंतु त्यांच्या यशामागे एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, ती म्हणजे जमीन त्यांची आहे आणि दहा वर्षांनीही ती आपणच कसणार याची त्यांना खात्री होती.

वाडीच्या रस्त्यावर बोरू न दिसण्याचे कारण मला येथे सापडते. शहराच्या एवढ्या निकट असलेली जमीन पुष्कळदा अशा मालकाच्या नावे असते की जो ती अकृषक होण्याची वाट पाहत आहे, आणि तोवर ती एकेका सालाच्या मक्त्याने दुसऱ्यास कसावयास देतो. पुढच्या गुढीपाडव्यास हे वावर आपल्याकडे राहील की नाही हे ज्यास ठाऊक नाही, तो त्यात तीन वर्षांनी फळणारा नत्र का गाडील? त्याने सोयाबीन पेरावे, पोती मोजावीत, मक्त्याची रक्कम चुकवावी आणि कुटार विकून टाकावे, हेच त्याच्या दृष्टीने शहाणपण. त्याला अज्ञानी म्हणणारा स्वतःच अज्ञानी होय. सेंद्रिय प्रमाणीकरणाचे नियमही हंगामी पिकांसाठी दोन व फळबागांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ मागतात, तेथे सालाच्या मक्त्याचा माणूस उभाच राहू शकत नाही. कृषिखात्याने बोरूच्या बियाण्यास अनुदान द्यावे हे ठीकच. पण मक्ता निदान चार-पाच सालांचा आणि लेखी व्हावा अशी व्यवस्था झाली तर त्या एका दस्तऐवजाने जमिनीत जितकी हिरवळ जाईल तितकी अनुदानाने जाणार नाही, असे माझे मत आहे.

ज्यांची जमीन स्वतःची आहे त्यांच्यासाठी मात्र दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक बियाण्याची: बोरूचे बी ऐन हंगामात मिळेनासे होते व महागते, म्हणून कोपऱ्यातल्या दहा गुंठ्यांवरील बोरू न गाडता पिकू द्यावा, शेंगा वाजू लागल्या की कापून झोडावा, आणि पीक साधले तर पुढील साली तीन-चार एकरांना पुरेल एवढे बी घरचे होते. दुसरी धुऱ्याची. गिरीपुष्प हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड द्विदल वर्गातलेच. कोणी त्यास उंदीरमारी म्हणतात. त्याला वावरातला एक वितीचाही पट्टा द्यावा लागत नाही, हंगाम द्यावा लागत नाही, पाणीही फारसे लागत नाही, आणि सामान्यतः गुरे ते ओरबाडून टाकीत नाहीत. पहिल्या दमदार पावसानंतर अंगठ्याहून जाड, कमरेएवढे छाट धुऱ्यावर हात-दीड हातावर रोवावेत. पहिले साल त्यांना हात लावू नये, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यापासून वर्षातून दोन-तीनदा कोवळ्या फांद्या तोडून तो पाला कपाशीच्या तासांत किंवा संत्र्याच्या आळ्याबाहेर पसरावा. “मंग खाचं काय?” असे विचारणाऱ्या कास्तकाराने बोरूपूर्वी यापासूनच आरंभ करावा, आणि तो या जूनमध्येच करावा.